सदाशिव अमरापूरकर : टिळक, रामा शेट्टी, जोतीराव, महाराणी

कवडसा

परवा रात्री ‘अर्धसत्य’ पुन्हा लावला. या खेपेला ठरवलं होतं की ओम पुरींकडे बघायचं नाही. हे फार अवघड आहे, कारण त्यांचा फौजदार अनंत वेलणकर जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे आणि त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. तरी जिथे जिथे अमरापूरकरांचा दादा रामा शेट्टी आला तिथे फक्त त्याच्याकडे बघत राहिलो. सगळ्या चित्रपटात हा माणूस मोजकी मिनिटं आहे. डोक्यात मात्र तो शेवटपर्यंत बसून असतो. वेलणकर ठाण्यात असो की ज्योत्स्नाशी बोलत असो, शेट्टी कुठेतरी मागे आहेच असं वाटत राहतं.

मला ज्या प्रसंगाबद्दल लिहायचंय तो तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. अर्धवट जळालेला एक माणूस शेट्टीविरुद्ध जबानी देतो. जबानी हातात घेऊन वेलणकर त्याला पकडायला जातो. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही हिंदी चित्रपटात इथे टेबलं उलटली असती. शेट्टी फक्त एक फोन लावतो. वरच्या साहेबाकडून वेलणकरला परत फिरायला सांगितलं जातं. तो पुराव्याचं सांगू बघतो, तर निघण्याचा थेट हुकूम होतो. वेलणकर निघतो. अमरापूरकरांनी तो फोन रोजचं काम उरकावं तसा केलाय. त्या सवयीच्या सुरामुळेच आपल्या पोटात गोळा येतो. व्यवस्था कशी चालते यावर कुणी भाषण केलं असतं तर मी कधीच विसरलो असतो.

श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, वसंत देवांचे संवाद, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. एवढी मोठी माणसं मागे असली की नटाचं श्रेय वाटून जातं. पण लिहिलेला थंडपणा पडद्यावर थंड राहणं ही नटाचीच कमाई. तो जरा जरी ‘दाखवायला’ गेला असता तर सगळा डाव फसला असता. १९८४ साली याच भूमिकेला सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

आता मला खरं छळणारी गोष्ट. १९७९ साली आलेल्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात याच माणसाने लोकमान्य टिळक केले होते. १९८३ ला रामा शेट्टी. मग दूरदर्शनवर १९८८-८९ मध्ये श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ आली, तिच्यात महात्मा फुले. आणि १९९१ ला ‘सडक’मधली महाराणी. बारा वर्षांत टिळक, मुंबईचा दादा, जोतीराव आणि कोठा चालवणारी तृतीयपंथीय महाराणी. यातली एकही भूमिका दुसरीत मिसळत नाही. असा दुसरा नट मला आठवत नाही, आणि तरी अमरापूरकरांचं नाव निघालं की आपण ‘खलनायक’ एवढंच म्हणून पुढे जातो.

माझं म्हणणं असं की ते मुळात खलनायक नव्हतेच. समोरच्याला जे हवं ते पुरवणारे नट होते. वेलणकरला धडकायला भिंत हवी होती, ते भिंत झाले. तुम्हाला कुठल्या भूमिका आठवतात? आणि मी जास्त बोलतोय असं वाटत असेल तर तेही सांगा.

नगरी

आमच्या नगरचे तात्या. धाग्याचं नाव बघूनच बरं वाटलं.

११ मे १९५० चा जन्म, घरचं नाव गणेशकुमार, सदाशिव हे रंगभूमीवरचं. शिक्षणाने इतिहासाचे एम. ए. हे मुद्दाम सांगतो, कारण टिळक आणि फुले एकाच नटाच्या वाट्याला येणं हा निव्वळ योगायोग असेल, पण ते पेलायला जे वाचन लागतं ते त्यांच्यापाशी होतं. टिळक आणि फुले यांचं कशावरून पटत नव्हतं आणि तरी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगातून सुटल्यावर टिळक-आगरकरांचा सत्कार सत्यशोधकांनी का केला, हे ज्याला ठाऊक आहे तोच दोघांना दोन वेगळी माणसं म्हणून उभं करू शकतो. नाहीतर पगडी बदलते आणि आवाज तोच राहतो.

दुसरं म्हणजे आमच्याकडची हौशी रंगभूमी. मुंबई-पुण्याच्या लोकांना तिची कल्पना येत नाही. दिवसभर नोकरी, संध्याकाळी तालीम, राज्य नाट्य स्पर्धेच्या तारखेकडं डोळे. नेपथ्याच्या फळ्या स्वतः वाहायच्या. एकाच नाटकात तरण्याने म्हातारा करायचा, कारण म्हातारा मिळाला नाही. अशा ठिकाणी ‘माझा रोल’ म्हणून काही नसतं. जे पडेल ते करायचं. तात्या त्यातून वर आले. तुम्ही म्हणता ती विविधता बहुतेक इथूनच आलेली.

तिसरी घंटा

कवडसा, फोनच्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी मनातलं आहे. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षं हौशी नाटकं करतो आहे, म्हणून त्यात थोडी भर घालतो.

रंगमंचावर आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच धडा मिळतो : शेवटच्या रांगेपर्यंत शब्द गेला पाहिजे. त्यासाठी आवाज पोटातून काढायचा, वाक्याचा शेवट खाली पडू द्यायचा नाही, टाळीची जागा ओळखायची. दहा वर्षं हे केलं की ते अंगात मुरतं. मग अशा नटाला कॅमेऱ्यासमोर उभं करा. तीन फुटांवर लेन्स आणि हा शेवटच्या रांगेशी बोलतोय. कितीतरी थोर नाटकवाल्यांचं चित्रपटातलं काम याच कारणाने आज जड वाटतं. नावं घेत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

अमरापूरकरांना ‘हँड्स अप’ या नाटकाने नाव दिलं आणि त्याच सुमारास निहलानींची नजर त्यांच्यावर गेली. म्हणजे माणूस थेट व्यावसायिक रंगमंचावरून उचललेला. आणि पहिल्याच हिंदी चित्रपटात त्यांनी ती शेवटची रांग पुसून टाकली. रामा शेट्टी समोरच्या एका माणसाशी बोलतो, बस. त्याला ऐकायला तुम्हालाच पुढे वाकावं लागतं. हे कुणी शिकवून येत नाही. स्वतःच्या कमावलेल्या आवाजावर नटाचं प्रेम असतं, तो आवाज बाजूला ठेवायला फार मोठं मन लागतं.

आणखी एक. ते ऐकतात. आमच्यातले निम्मे नट समोरचा बोलत असताना आपलं पुढचं वाक्य मनात घोळवत असतात, ते चेहऱ्यावर दिसतं. शेट्टी वेलणकरचं बोलणं ऐकताना बघा. तो त्याचं वजन करतोय. हा किती किमतीचा आहे, कधी वाकेल. शेवटी वेलणकर खरोखरच त्याच्या दारात येतो, कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणातून सोडवा म्हणायला. आणि शेट्टी आपली अट सांगतो. ते दृश्य पहिल्या भेटीतल्या ऐकण्याची वसुली आहे. बेअरिंग सुटणं, म्हणजे धरलेली भूमिका मधेच हातातून निसटणं, हे सगळ्यांना कळतं, पण बेअरिंग दोन भेटींमध्ये, आपण पडद्यावर नसतानाही टिकवणं हे त्या चित्रपटात दिसतं.

मॅटिनी

सगळे इतके गंभीर का झालात? म्हणजे व्हा, पण मला वेगळी बाजू मांडायची आहे आणि मी ती मनापासून मांडतोय.

माझ्यासाठी अमरापूरकर म्हणजे ‘कुली नंबर वन’मधले शादीराम घरजोडे. १९९५, डेव्हिड धवन, गोविंदा, कादर खान. तुम्ही ‘अर्धसत्य’वाले लोक या चित्रपटांना त्यांच्या कारकिर्दीतली तडजोड म्हणता. मला हे पटत नाही.

गोष्ट आठवा. लग्नं जुळवणारा एक माणूस होशियारचंदच्या मुलीसाठी स्थळ घेऊन जातो आणि त्या श्रीमंत माणसाकडून अपमान करून घेतो. त्या अपमानाचा सूड म्हणून तो एका हमालाला राजकुमार बनवून त्याच घरात जावई म्हणून घुसवतो. पुढचा सगळा धिंगाणा, सगळी गाणी, सगळी फसवाफसवी या एका अपमानावर उभी आहे. तो अपमान प्रेक्षकाला लागलाच नाही तर गोविंदा कितीही नाचला तरी चित्रपट उभा राहत नाही. अमरापूरकरांनी तो लागेल असा केलाय. विनोदी चित्रपट आहे म्हणून त्यांनी दुखावलं जाणं विनोदी केलेलं नाही. एका साध्या माणसाची लाज निघालीय, ती खरी आहे. मग पुढे आपण मोकळेपणाने हसतो, कारण आपण त्याच्या बाजूचे झालेले असतो.

आणि समोर कादर खान! त्या माणसाच्या टायमिंगसमोर भलेभले आडवे होतात. अमरापूरकर त्यांच्याशी स्पर्धा करत नाहीत, चेंडू देतात. हशा कादर खान वसूल करतात, पण तो पिकवला कुणी ते बघा.

‘इश्क’मधला पैशाचा माज असलेला बापही मला असाच आवडतो. त्याच वर्षी, १९९७ ला, ‘गुप्त’मध्ये ते इन्स्पेक्टर नीलकंठ होते. आणि त्याच चित्रपटात दुसरा पोलीस अधिकारी कोण? ओम पुरी! वेलणकर आणि रामा शेट्टी चौदा वर्षांनी एकाच खात्यात. लहानपणी मला हे माहीत नव्हतं. नंतर ‘अर्धसत्य’ पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता.

कवडसा

मॅटिनी, शादीरामबद्दलचं म्हणणं मी मान्य करतो. खरं सांगायचं तर मी तो चित्रपट कधी या नजरेने पाहिलाच नव्हता. आता पाहीन.

पण तडजोड हा शब्द मी दुसऱ्या अर्थाने वापरेन. मधली काही वर्षं आठवा. १९८७ ला ‘हुकूमत’ आला, धर्मेंद्रसमोर अमरापूरकर, चित्रपट जोरात चालला. त्यानंतर जे काम येत गेलं ते बहुतेक एकाच साच्यातलं : पहिल्या रिळात अत्याचार, मधे अड्डा, शेवटी मारामारीत मरण. रामा शेट्टीला अड्ड्याची गरज नव्हती. त्याला फोन पुरत होता. ज्या उद्योगाने हा माणूस फोनसाठी उचलला त्यानेच त्याला नंतर अड्ड्यात बसवलं. दोष त्यांचा नाही. चरित्र अभिनेत्याकडे आलेल्या कामातून निवडण्याची सोय असते, काम लिहवून घेण्याची नसते. नायक कथा बदलायला सांगू शकतो. सहाय्यक नट फार तर आपल्या वाट्याच्या चार ओळी बदलतो.

याच १९८७ ला अमरीश पुरींचा मोगँबो आला. ‘अर्धसत्य’मध्ये ते वेलणकरचे वडील आहेत आणि काय भयंकर खरे वडील आहेत! म्हणजे त्या एका चित्रपटातले दोन नट चार वर्षांच्या आत हिंदीतले दोन मोठे खलनायक झाले, आणि ज्या बारकाव्यासाठी त्यांना घेतलं होतं तो बारकावा पुढे फारसा कुणी मागितला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

सावली

महाराणीबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते.

‘सडक’ मी लहान असताना व्हिडिओवर पाहिला. खूप घाबरले होते. त्या भूमिकेला नकारात्मक भूमिकेसाठीचं फिल्मफेअर मिळालं, १९९२ साली. तो पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता, म्हणजे तो पहिल्यांदा मिळवणारे अमरापूरकर. अभिनय म्हणून बघितलं तर यात शंका घ्यायला जागा नाही. आवाज, हात, बसण्याची ढब, लाडात येऊन बोलता बोलता डोळे कोरडे होणं, सगळं नव्याने घडवलेलं. शेट्टीचा एक कणही त्यात नाही. शेट्टीने जागा कमी घेतली, महाराणी खोलीभर पसरते.

पण आमच्या गावच्या आठवडी बाजारात दर मंगळवारी तृतीयपंथीय मंडळी यायची. त्या चित्रपटानंतर पोरं त्यांना ‘महाराणी’ म्हणून चिडवायला लागली, दगडही मारायची. त्यातल्या एक ताई माझ्या आजीकडे पाणी प्यायला थांबायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. मी तेव्हा लहान होते, पण मला दोन्ही गोष्टींचा संबंध तेव्हाही कळला होता. त्यामुळे मला या भूमिकेचं कौतुक करताना आजही घशात काहीतरी अडकतं. काम जितकं चांगलं, तितकी ती भीती खोल गेली.

अमरापूरकरांना जबाबदार धरावं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही ‘बारा वर्षांत चार भूमिका’ म्हणून महाराणीला टिळक-फुल्यांच्या रांगेत बसवता तेव्हा एवढं तरी नोंदवायला हवं की बाकी तिघं माणूस म्हणून लिहिलेले होते. महाराणी भीती म्हणून लिहिलेली होती. नटाने तिच्यात जीव ओतला, पण तिला एकही असा क्षण लेखकाने दिला नाही जिथे ती कुणाची काही लागते. ‘सडक’ करणाऱ्या महेश भट्टांनीच पुढे ‘तमन्ना’ केला, त्यात परेश रावल एका टाकून दिलेल्या मुलीला वाढवणारा तृतीयपंथीय झाले होते. तो पाहिला आणि वाटलं, हे आधी यायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली एप्रिल २०१४ मध्ये. अमरापूरकर गेले त्याच वर्षी नोव्हेंबरात.

तिसरी घंटा

सावली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी महाराणीचं उदाहरण तालमीत नव्या मुलांना देतो, देहबोली कशी बदलावी म्हणून. यापुढे देताना तुमच्या आजीकडे पाणी प्यायला थांबणाऱ्या ताईंचीही गोष्ट सांगेन. तुमची हरकत नसेल तर.

सावली

हरकत नाही. जरूर सांगा.

जुना रीळ

उशिरा आलो. सगळं वाचलं. माझी थोडी भर.

‘अर्धसत्य’ १९८३ चा, ‘सारांश’ १९८४ चा. पहिल्यात रामा शेट्टी महापालिकेची निवडणूक लढवतो. दुसऱ्यात निळू फुल्यांचा गजानन चित्रे हा नेता आहे. मराठी रंगभूमीने हिंदीला लागोपाठ दोन वर्षांत दोन राजकारणी दिले आणि दोघेही आपल्या गल्लीत भेटतील असे. त्याआधी हिंदी पडद्यावरचा वाईट माणूस बहुधा डोंगरात राहायचा नाहीतर समुद्रात. हे दोघे मतदार यादीतले होते.

दोघांची तऱ्हा मात्र वेगळी. निळूभाऊंकडे लोकनाट्याची चाल होती. ते बोलायला लागले की शब्दाला आपोआप लय यायची आणि प्रेक्षक त्या लयीला फसायचा. तुमच्याशी गोड बोलत असतानाच ते तुमचं नुकसान करत असायचे. अमरापूरकर लय मोडायचे. वाक्य जिथे संपेल असं वाटतं तिथे संपवायचे नाहीत, आणि नको तिथे गप्प बसायचे. निळूभाऊंची भीती वाटते ती सगळं झाल्यावर, अमरापूरकरांची त्या गप्प बसण्यात.

मराठीत दोघांनाही वाईट माणूस करायला लावून आपण त्यांच्यावर अन्याय केला असं नेहमी म्हटलं जातं. निळूभाऊंच्या बाबतीत ते बरंचसं खरं. अमरापूरकरांना मराठीत मात्र सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर भेटले. ‘दोघी’ पाहिलाय का कुणी? १९९५ चा. म्हणजे शादीराम ज्या वर्षी आला त्याच वर्षी. लग्नाच्या दिवशीच आभाळ कोसळलेलं एक खेड्यातलं घर, आणि थोरल्या मुलीला मुंबईला पाठवायचा मार्ग सुचवणारा मामा. त्या मार्गाचा अर्थ काय ते घरातल्या मोठ्यांना उमगतं आणि कुणी तोंडाने बोलत नाही. हा मामा सहज खलनायक होऊ शकला असता. अमरापूरकरांनी त्याला नात्यातला माणूस ठेवलाय. तो बहिणीचं घर बुडताना बघतोय आणि त्याच्यापाशी दुसरं काही द्यायला नाही. मला आजही त्या मामाचा राग येतो आणि राग धरवत नाही.

नंतर २००२ ला ‘वास्तुपुरुष’, तोही भावे-सुकथनकरांचाच. हे दोन चित्रपट बघितल्याशिवाय अमरापूरकरांबद्दल मत बनवू नये, एवढंच म्हणेन.

कवडसा

‘दोघी’चं नाव मी पहिल्याच पोस्टमध्ये घ्यायला हवं होतं. चुकलंच. जुना रीळ, तुमचं ‘राग धरवत नाही’ हे अगदी नेमकं आहे, आणि मला वाटतं माझ्या सुरुवातीच्या म्हणण्यातली उणीव तिथेच आहे. मी म्हणालो ते समोरच्यासाठी भिंत होतात. ‘दोघी’त ते भिंत नाहीत. समोरच्याला टेकायला जागा वाटावी आणि टेकल्यावर ती खचावी, असे आहेत. भिंतीपेक्षा हे अवघड.

नगरी

चित्रपटांच्या बाहेरचं थोडं सांगतो, कारण तात्यांच्या बाबतीत ते वेगळं काढता येत नाही.

सामाजिक कृतज्ञता निधी आठवतो का? पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून उभा केलेला निधी. त्यासाठी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव झाले. डॉ. लागू, निळूभाऊ, तात्या, अशी मंडळी, पडद्यावर नाव कमावलेली, बसमध्ये बसून दौऱ्याला. हे सगळे तेव्हा ऐन कामात होते. चित्रीकरणाच्या तारखा सोडून तालुक्याच्या गावी प्रयोग करायचा आणि गल्ला निधीला द्यायचा, हे सोपं नव्हतं.

आणि मार्च २०१३ ची होळी. राज्यात दुष्काळ, मराठवाड्यात आणि आमच्याकडं टँकरच्या रांगा. मुंबईत त्यांच्या वस्तीत रेन डान्ससाठी पाणी उधळलं जात होतं. तात्या खाली गेले आणि थांबवा म्हणाले. त्यांना मारहाण झाली. वय बासष्ट. पडद्यावर शंभर जणांना भ्यायला लावणारा माणूस, आणि तिथे एकटा, पाण्यासाठी. ती बातमी वाचली तेव्हा मी रडलो होतो, आमच्या घरी त्या दिवशी टँकर आलेला नव्हता.

३ नोव्हेंबर २०१४ ला ते मुंबईत गेले, फुप्फुसाच्या संसर्गाने. वय चौसष्ट. त्यांना शेवटी नगरलाच आणलं.

तिसरी घंटा

नगरी, तुमची पोस्ट वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

एक भूमिका राहिलीय. ‘बॉम्बे टॉकीज’, मे २०१३. भारतीय चित्रपटाच्या शंभरीनिमित्त चार दिग्दर्शकांनी केलेला. त्यातला दिबाकर बॅनर्जींचा भाग सत्यजित राय यांच्या ‘पटोलबाबू’ या कथेवर आहे. नवाजुद्दीन सिद्दीकी एक अपयशी नट झालाय. त्याला चित्रीकरणात अचानक काम मिळतं, तेही काय, तर रस्त्यावर नायकाला धडकायचं. एवढंच. तो त्या धडकेची तालीम करायला बाजूला जातो आणि तिथे भूतकाळातून त्याचा नाटकवाला गुरू समोर येतो. ते अमरापूरकर.

लहान भूमिका म्हणजे काय, ती मनापासून का करायची, यावरची ती गोष्ट. आणि ती सांगायला असा माणूस निवडला ज्याने तीस वर्षं नायकांना धडकण्याचंच काम केलं. होळीच्या प्रसंगानंतर जेमतेम दीड महिन्याने हा चित्रपट आला. पडद्यावर ते आले तेव्हा थिएटरात माझ्या शेजारी बसलेला मुलगा मित्राला विचारत होता, हे कोण? मला त्याला ‘अर्धसत्य’ सांगायचा होता, पण तोवर प्रसंग संपला होता.

मॅटिनी

काल ‘भारत एक खोज’मधला महात्मा फुल्यांचा भाग शोधून पाहिला. आई शेजारी येऊन बसली. तिला कोण काम करतंय ते सांगितलं नव्हतं.

मी पूर्ण वेळ वाट बघत होतो की कुठेतरी शेट्टी डोकावेल, एखादं वाक्य त्या थंड सुरात येईल, नाहीतर शादीरामसारखी मान हलेल. नाही आलं. समोरच्याला पटवून देण्याची तळमळ असलेला एक माणूस होता. आवाज चढतो तो रागाने नव्हे, लोक ऐकत नाहीत म्हणून. कवडसा, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये ‘मिसळत नाही’ म्हणालात ते मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. आता नाही वाटत.

भाग संपल्यावर आईला सांगितलं की हे ‘सडक’मधले, महाराणी केलेले. ती म्हणाली, काहीतरीच. मी नावं दाखवली. तिने मला परत मागे न्यायला लावलं आणि चष्मा लावून पुन्हा पाच मिनिटं पाहिलं. अजून तिला पटलेलं नाही.